कार्डांच्या कडेवरची निळी रेघ

अशा गोष्टी कुणी मुद्दाम साठवत नाही. जुन्या चष्म्यांसारख्या त्या ड्रॉवरमध्ये आपोआप जमत जातात. आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्याही तशाच जमल्यात. फक्त बाकीचे त्या सांगताना हसतात आणि मी खाली बघत बसतो.

मराठी नावं बाराखडीच्या क्रमानं लावणारा पहिला प्रोग्राम माझ्या नावावर आहे. लोक मला त्याचा 'जनक' म्हणतात! तो लिहिला माझ्या असिस्टंटनं, जानेफळच्या कमलताई वानखडे यांनी. एवढं एक वाक्य मला आजवर चारचौघांत बोलता आलेलं नाही.

*

तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. एका कार्डावर एक ओळ. एकदा ताई कार्डांची चवड उभी धरून तिच्या कडेवर पट्टीनं तिरपी निळी रेघ ओढत होत्या. मी खेकसलो, "हा काय पोरखेळ? ऑफिसचा माल आहे!"

"राहू द्या सर, येते कधी कामी."

कशाच्या कामी, ते मी विचारलं नाही. पीएच.डी. झाली होती ना माझी!

*

त्या प्रोग्रामवरचा रिसर्च पेपर छापून आला. त्यावर माझं एकट्याचं नाव.

"तुमचं राहूनच गेलं हो," मी म्हणालो.

"हाव सर, राह्यलं असन."

मशीन चालवणारे गजाभाऊ शेजारीच उभे होते. "काऊन सर, तुमचं नाव बरं राहून जात नाही कधी!"

*

रिटायर होऊन बुलढाण्यात आलो, तर टीव्हीवाले घरी. "जोडाक्षरांचा तिढा कसा सोडवलात?"

मला आठवेना. म्हणजे, मुळात ठाऊक तरी कुठं होतं? पाणी आणतो म्हणून किचनमध्ये गेलो आणि ताईंना फोन लावला.

"मुलाखत चालू हाये काय सर? मंग घ्या लिहून."

कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. मुलाखत छान झाली, असं नंतर ताईच म्हणाल्या!

*

गेल्या महिन्यात साखरखेर्ड्याच्या एका शाळेत माझा सत्कार होता. या वेळी खरं सांगायचंच, म्हणून ताईंनाही बोलावलं. भाषण लिहून खिशात ठेवलं. टेबलावर ती जुनी कार्डं मांडली होती. शाल पांघरून घेताना माझाच धक्का लागला आणि शे-दीडशे कार्डं स्टेजभर!

हेडमास्तर म्हणाले, "लावा सर क्रमानं. तुमचाच प्रोग्राम हाये, पोरांले बी पाहू द्या!"

मी गुडघे टेकून एक कार्ड उचललं. दुसरं उचललं. आधी कोणतं, काही कळेना. पोरं हसायला लागली.

पहिल्या रांगेतून ताई उठल्या. कार्डं गोळा केली. प्रत्येकाच्या कडेवर एक निळा ठिपका होता. तो बघत त्या एकेक कार्ड मागेपुढे सरकवत गेल्या. हळूहळू ठिपक्यांची पुन्हा तिरपी रेघ झाली.

"कसं जमलं हो ताई?" हेडमास्तरांनी माइक पुढे धरला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात खिशात, भाषणावरच राहिला.

"सरांनीच शिकवलं नं मले," त्या म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. मी हात जोडले.