तीस घरांत न मावलेला पत्ता

जिल्हा नवा झाला होता, पण जुन्या माणसांना भरवसा नव्हता. टँकरच्या अर्जावर गावापुढं 'जिल्हा लातूर' लिहून भागायचं नाही, 'जुना जिल्हा उस्मानाबाद' हेही जोडायचेच. दुष्काळामुळं असे अर्ज ढिगानं आले होते. माझ्या लेकीनं कॉम्प्युटरच्या सी भाषेत स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनं त्यांची यादी काढून दाखवली, तर कॉम्प्युटर क्लासचे सर तिला कामावर घेणार होते. त्यासाठी मशीन दोन तास मिळालं.

मी चौथी शिकलेली, पण मला कसलंही हस्ताक्षर वाचता येतं, म्हणून तिनं मला सोबत नेलं. मी वाचायची, ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

यादी सुरू झाली आणि भादा गावापाशी मशीन गप्प झालं.

"ह्या गावातच खोट हाय," सर म्हणाले. "काढून टाक."

तिनं काढलं. आता पुढच्याच गावाचा तालुका भलताच आला आणि मशीन पुन्हा गप्प.

"सर, दहा ओळींवर चालत होतं."

"दहावर कुणाचं बी चालतं, ताई."

ती रडवेली झाली. मी अर्ज चाळत होते. अडलेल्या गावाच्या आधीचा अर्ज जुना जिल्हा लिहिलेला, लांबलचक. घरी तिनंच सांगितलं होतं, एका पत्त्याला मशीनमध्ये तीस घरं, एका घरात एक अक्षर, त्यातलं एक घर पत्ता कुठं संपला ते कळावं म्हणून शून्याला. जास्तीची अक्षरं शेजारच्या घरांत सांडत असणार, अन् दोष शेजाऱ्यावर. पण परक्या माणसासमोर माझी जीभच उचलली नाही. काय बडबडते म्हणतील, असं वाटलं. मी पदर चोळत बसले आणि दोन तास संपले.

"दुसरी एक पोरगी हाय, तिला बघतो," सर म्हणाले.

रस्त्यात मी तिला सांगितलं. ती जागीच थांबली.

"आई, तुला तिथंच दिसलं होतं?"

"हाव."

"मग बोलायला काय झालं होतं गं?"

पुढच्या आठवड्यात सरावाच्या वेळेत तिनं साठ घरं केली, अक्षरं मोजूनच आत घ्यायची अट घातली, आणि तीच यादी सरळ निघाली. काम तोवर दुसरीला लागलं होतं. अजूनही आठवलं की माझा मलाच राग येतो. एक वाक्य तर बोलायचं होतं.