निळ्या सफारीचा डबा

आमच्या घरात भांड्यांना नावं आहेत, आणि ती सगळी कपड्यांची आहेत. पोह्यांचा डबा म्हणजे आमच्या लेकीचे, देवयानीचे फ्रॉक. मोठी परात म्हणजे माझ्या आईची दोन नऊवारी. आणि घट्ट झाकणाचा तो तुरीच्या डाळीचा डबा म्हणजे माझा निळा सफारी सूट, जो मी प्रमोशनच्या दिवशी घातला होता आणि अजून दहा वर्षं आरामात घातला असता. एक दिवस बिजली ऑफिसातून घरी आलो, तर सफारी गायब आणि ओट्यावर डबा. मी विचारलं, तर बायको म्हणाली, झाकण कसं बसतंय ते बघा आधी.

ही आमची सुमेधा. अठ्ठावीस वर्षं प्रायमरीत गणित शिकवलं. इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या गल्लीत गेंदाबाई नावाची बर्तनवाली येते, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. तिच्याशी हिचा सौदा सुरू झाला की शेजारणी कामं टाकून गॅलरीत उभ्या राहतात. एका विरलेल्या चादरीवर कढई आणि वर झारा काढणारी बाई आहे ही. मात्र एक गोष्ट मानावी लागेल, फुकट म्हणून कुणाचं काही घेतलं नाही. चाळीस वर्षांत शेजारी वाटीभर साखर मागायला गेली नाही. संपली की संपली, मी बिनसाखरेचा चहा प्यायलोय. आणि फुकट दिलंही नाही कुणाला, तेही खरंच.

गेल्या वर्षी नागपूरहून देवयानीचा फोन आला. सातवा महिना होता तिला. म्हणाली, आई, बाळाला तुझ्या हातचं जुनेराचं दुपटं पाहिजे. आता ही रीत आपल्याकडे घरोघरी असायची. तान्ह्याला नवं कापड टोचतं, म्हणून वापरून वापरून मऊ झालेल्या लुगड्यातच त्याला पहिल्यांदा घ्यायचं. पण सुमेधाला साधं बटण लावता येत नाही. माझी बटणं कोपऱ्यावरचा टेलर लावतो. पोरीला ते माहीत होतं, म्हणून तिनं आईचं नाव परस्पर एका गोधडी शिबिरात घालून टाकलं. मानपूरजवळ एका फार्महाऊसवर शनिवार-रविवार. रिट्रीट म्हणतात त्याला. म्हटलं, नाव काही का असेना, दोन दिवस घरात शांतता राहील.

शिबिराचा निरोप आला, घरातले जुने, मऊ, सुती कपडे सोबत आणा. सुमेधानं कपाटं उघडली, दिवाण उचलून बघितला, माळा काढायला लावला मला. कुठे काय असणार? सगळं गेंदाबाईच्या टोपलीतून केव्हाच निघून गेलं होतं. ही पलंगावर बसली ती उठेचना.

"एवढे डबे आहेत हो घरात," ती म्हणाली, "आणि नातवंडाला गुंडाळायला चिंधी नाही."

मी हसणार होतो, सफारीचं काढणार होतो. तोंड बघितलं आणि माळ्यावरचं सामान परत चढवायला लागलो.

पण बसून राहील ती सुमेधा कसली! दुसऱ्या दिवशी जाऊन नवं मलमल घेऊन आली आणि मशीनला लावलं. काढलं, वाळवलं, परत लावलं. तिचा हिशेब सरळ होता, एक धुणं म्हणजे दोन महिने. रोजची तीन धुणी, सहा दिवसांत अठरा, म्हणजे कापड तीन वर्षांचं जुनं झालं. गणिताची मास्तरीण ना! वरची टाकी दोनदा रिकामी झाली, पण मी काही बोललो नाही. अपन कशाला बोलायचं?

शनिवारी सकाळी मी तिला गाडीतून मानपूरला सोडलं. तिथे बारा बायका ओसरीवर सतरंज्या टाकून बसल्या होत्या. शिकवणाऱ्या यशोधराबाई साठीच्या, बोलणं कमी. त्यांनी प्रत्येकीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. हिचं मलमल धरलं आणि थांबल्या.

"हे धुतलेलं आहे," म्हणाल्या, "वापरलेलं नाही."

कापड मशीननं मऊ होत नाही, असं त्यांनी समजावलं. ते अंगावर झिजावं लागतं, त्याला हात पुसावे लागतात, त्यात कुणीतरी झोपावं लागतं. शेजारच्या दोघींनी आपल्यातली एकेक साडी पुढे केली. सुमेधानं हात जोडून नको म्हटलं. फुकट कसं घेणार! तिला सरावाला एक तुकडा दिला, त्यावर धावदोरा घालायला बसवलं. टाके कसे, तर एक तिळाएवढा आणि पुढचा शेंगदाण्याएवढा. हे सगळं मला नंतर कळलं, कारण मी तोवर इंदूरला परत पोचून जेवण गरम करत होतो.

तेवढ्यात हिचा फोन. म्हणाली, गोणीत दहा-बारा चांगले डबे भरा आणि लगेच या, निळ्या सफारीचा विसरू नका. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, अगं, आत्ताच आलोय, जेवू तर दे. फोन ठेवलेला होता. काय करणार, डाळ दुसऱ्या डब्यात ओतली आणि निघालो. भर दुपारी गोणीत डबे खणखणवत हायवेनं जाणारा म्हातारा बघून टोलवरचा पोरगा म्हणाला, भिया, दुकान उठवलं का?

तिथे पोचल्यावर उलगडा झाला. फार्महाऊसच्या मागं चौकीदाराचं घर होतं. त्याची आई ऐंशीच्या पुढची, सगळे तिला जीजी म्हणत. चार मुलगे, नातवंडं, पणतवंडं, सगळं घर भरलेलं. तारेवर तिची लुगडी वाळत होती, धुऊन धुऊन रंग उडालेली. सकाळपासून हिचा डोळा त्यांच्यावर होता.

जीजीच्या ओट्यावर सुमेधानं डबे मांडले, अगदी गेंदाबाई मांडते तसे, आणि शिबिरातल्या बाराही जणी बघायला जमल्या. मोठा मागे, छोटा पुढे. मग प्रत्येकाच्या बुडावर बोटानं टकटक करून दाखवलं. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलेली बाई आज बर्तनवालीच्या बाजूला बसली होती, आणि काय बसली होती! शेवटी सफारीचा डबा जीजीच्या हातात दिला. हा सगळ्यात चांगला, याच्यावर एक लुगडं द्या, म्हणाली. जीजीनं झाकण काढलं, लावलं, परत काढलं. छान आहे म्हणाली. आणि डबा हळूच हिच्याकडे सरकवला.

"यो बिके नी, बेटी. यो माँगणो पड़े."

मग ती सांगत राहिली. तान्ह्याच्या अंगाचं कापड विकत घ्यायचं नसतं. जिथे म्हातारी माणसं धडधाकट आहेत, पोरंबाळं खेळताहेत, अशा घरातून ते मागून आणायचं. तिचे चारही मुलगे मागून आणलेल्या कापडात वाढले होते. मला एकदम माझी आई आठवली. तीही हेच म्हणायची. भांड्यांच्या नादात आम्ही विसरून गेलो होतो.

मी सुमेधाला ओळखतो. म्हटलं, झालं, आता ही उठणार. मी दोन डबे गोणीत टाकलेसुद्धा. ती उठली, पण चपला काढून. अंगात सलवार-कुर्ता होता, पदर कुठला? तिनं ओढणीची दोन्ही टोकं धरली आणि जीजीपुढे पसरली.

"जीजी, मेरी बेटी के बच्चे के लिए एक लुगड़ा दे दो."

जिच्या आवाजानं साठ पोरांचा वर्ग गप्प बसायचा, तिचा इतका हळू आवाज मी लग्नातही ऐकला नव्हता. सौदा करणं तिच्या हातचा मळ. मागणं तिला कधी जमलं नाही, आणि त्या दुपारी बाराजणींच्या देखत तिनं ते केलं. तिला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

जीजीनं तारेवरचं तांबूस लुगडं ओढून तिच्या ओढणीत टाकलं आणि डोक्यावर हात ठेवला. डबे सगळे परत आले.

मग सुमेधा जी बसली, ती रविवारी संध्याकाळपर्यंत. गोधडीला कडेनं सुरुवात करायची, गोल गोल आत येत मध्यावर संपवायचं. बोटं टोचून टोचून लाल झाली. यशोधराबाईंनी दोनदा उसवायला लावलं, दोन्ही वेळा निमूट उसवलं. बाकीच्या बायका मोठ्या गोधड्या अर्धवट घेऊन घरी गेल्या. पूर्ण झालं ते एकट्या हिचं दुपटं. यशोधराबाईंनी ते उलटं करून बघितलं, ओढून बघितलं. टाके वाकडे आहेत, म्हणाल्या, पण एकही सैल नाही. गाडीत मी तिला म्हटलं, गजब केलंस तू. ती म्हणाली, समोर बघून चालवा.

मुलगी झाली देवयानीला. शमिका नाव ठेवलं. दवाखान्यात विहीणबाईंनी दुपट्यावर हात फिरवत विचारलं, कुठल्या दुकानातलं? सुमेधा तोंड उघडायच्या आत मी बोललो, दुकानातलं नाही, आमच्या हिनं पदर पसरून मागून आणलं आणि स्वतः शिवलं. जरा मोठ्यानंच बोललो असेन. नर्स वळून बघायला लागली.

परवा गेंदाबाई आली होती. आमच्या तारेवर सुमेधाची चॉकलेटी सुती साडी होती, सहा-सात वर्षांची, छान मऊ झालेली. गेंदाबाईनं टोपलीतून इडलीपात्र काढलं. दोन वर्षांपासून हिचा जीव त्याच्यावर आहे. शेजारणी गॅलरीत आल्या. सुमेधानं इडलीपात्राकडे बघितलं, चांगलं बघितलं, आणि मान हलवली. हे विकायचं नाही, कुणी मागायला आलं तर लागेल, म्हणाली. आणि मागचं सगळं सांगितलं तिला, मानपूर, जीजी, दुपटं.

मग गेंदाबाईनं इडलीपात्र टोपलीत परत ठेवलं, टोपली बाजूला सरकवली आणि पदर पुढे केला. तिच्या सुनेला आठवा लागला होता.

सुमेधानं साडी तारेवरून ओढली, घडी घातली आणि तिच्या पदरात टाकली. पंचवीस वर्षांत त्या दोघींमध्ये पहिल्यांदाच काही फुकट गेलं. जाताना गेंदाबाई इडलीपात्र पुन्हा काढून आमच्याकडेच ठेवून निघाली, तर ही ते घेऊन तिच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि तिच्या टोपलीत टाकून आली.

त्यामुळे आमच्याकडे इडल्या अजूनही पातेल्यात वाट्या ठेवून होतात. आकार धड नसतो. पण कुणी पाहुणा आला की मी मुद्दाम इडल्या करायला सांगतो, आणि त्या तशा का, ते त्याला सगळं ऐकवतो.