प्याला पाळकांनी काढून घेतला

बाईंनी तोंड मिटून घेतलं. प्याला त्यांच्या ओठांपाशी, माझ्या हातात. प्रभुभोजन चालू होतं, माणसं कठड्याशी गुडघे टेकून बसली होती. आमच्या चर्चमध्ये पाळक भाकर देत पुढे जातात आणि मागून त्यांचा मदतनीस, डीकन, द्राक्षरसाचा प्याला घेऊन येतो; सगळे त्याच एका प्याल्यातून पितात. मी यंदाच नेमलेली डीकन. प्याल्याचा माझा पहिलाच रविवार.

"पाळकांना पाठव," बाई म्हणाल्या. हळू नाही. मुख्याध्यापिका होत्या, आवाज तोच.

ह्याच बाई उन्हाळाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. सुनेला वास सहन होत नव्हता. आजाऱ्यांची सेवा डीकनची, म्हणून मी रोज इंदिरानगरला जायचे. पाठीच्या जखमा धुतल्या. शौचाचं भांडं उचललं. चमच्याने पेज भरवली, तेव्हा हेच तोंड उघडायचं. "देवानं पाठवलं गं तुला," म्हणायच्या. आणि मी मूर्ख, हुरळून जायचे.

मी पाळकांकडे पाहिलं. नामपूरच्या मांगवाड्यातून माझ्या आईबापाला त्यांनीच मंडळीत आणलं होतं. इथं कुणी जात विचारत नाही, असं सांगून. माझ्या डोक्यावर हात ठेवून मला डीकन नेमलं तेही त्यांनीच. वाटलं, आता बोलतील.

ते मागे आले. माझ्या हातून प्याला घेतला. आधीच्या माणसानंतर कड मी फडक्यानं पुसलेलीच होती. त्यांनी पुन्हा पुसली आणि बाईंना दिला.

बाईंचं मला एवढं लागलं नाही. त्या फडक्याचं लागलं. बाप मानलं होतं मी त्या माणसाला.

उपासनेनंतर पाळकांनी मला बाजूला घेतलं. "जुन्या वळणाच्या आहेत, समजून घे. प्याल्याचं मी बघत जाईन. पाठ अजून पुरती भरली नाही त्यांची, उद्या ड्रेसिंगला जाशील ना?"

"घाण काढायला माझे हात चालतात," मी म्हणाले, "आणि प्याल्याला विटाळ होतो?"

"चर्चमध्ये वाद नको."

"मग उद्या तुम्ही जा."

मी गेले नाही. आता जाणारही नाही. डीकनपद मात्र सोडलेलं नाही. पुढच्या प्रभुभोजनाला प्याला मीच उचलणार. बाईंनी तोंड मिटलं तर पुढच्या माणसापाशी जाणार. पाळकांनी हात पुढे केला तरी देणार नाही. मला काढायचं असेल तर त्यांनी भर उपासनेत उभं राहावं आणि कारण मोठ्याने, माझ्या जातीचं नाव घेऊन सांगावं.