चंद्रहार आणि मोटारीचं हँडल

ती केस आजही आठवते, आणि तिच्यासोबत तेव्हाची मीही आठवते. दुसरी आठवण जास्त करमणुकीची. नवी फौजदारीण, कडक इस्त्रीचा गणवेश, आणि समोरचा माणूस खोटंच बोलतो आहे असं धरून चालायची सवय. मी दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी घेत असे.

कोथरूडच्या एका गृहस्थांनी फिर्याद दिली, की पत्नीचा माहेरचा चंद्रहार चोरीला गेला. मुलीचं लग्न तोंडावर, हार तिला घालायचा ठरलेला. पाठोपाठ ठाण्यात निनावी फोन आला: "कसब्यात शिवणकाम करणाऱ्या आपांच्या ट्रंकेत बघा." आवाज शेजारणीचा असावा; ट्रंकेतलं शेजारणीलाच ठाऊक असतं. या आपा फिर्यादींच्या घरी ब्लाउजची मापं घ्यायला जात. झडती घेतली, पंचनामा केला. हार ट्रंकेतच होता.

"माझा आहे," आपा म्हणाल्या. "निकाहात आईनं घातला."

"पावती?"

"बाईसाहेब, आईनं लेकीला दिलेल्याची पावती असते का?"

फिर्यादींनी मग फोटो आणला. पत्नी हार घालून मोटारीला टेकून उभी, हात पुढच्या दाराच्या हँडलवर, जणू मोटार वडिलांनी आंदण दिली होती. हाराच्या पदकाची एक पाकळी तुटकी. ट्रंकेतल्या हाराचीही तीच.

"लग्नाआधीचा फोटो. माहेरी, मैत्रिणीच्या लग्नातला," गृहस्थ म्हणाले. पत्नीनं खाली बघत मान हलवली.

मी आपांना फोटो दाखवला. "आता काय म्हणता? हाराला पाय फुटले?"

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "कुठल्या लग्नातला, ते बाईंनाच विचारा. मी बोलायची नाही."

गप्प बसतो तो गुन्हेगार, हे माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान. आपांना अटक झाली असती, तर कसब्यात पुन्हा कोणी त्यांच्याकडे कापड टाकलं नसतं. एकुलता एक दागिना गेला असता तो वेगळाच. मी मात्र शाबासकीची स्वप्नं पाहत होते.

अटकेआधी फोटो शेवटचा न्याहाळला आणि नजर हँडलवर अडली. मोटार छोटी, गोल पाठीची. तेव्हा डॉक्टर-वकिलांकडे असे तसली. भावाच्या वरातीत करवली म्हणून मी तसल्याच मोटारीत पुढे बसले होते. त्या जुन्या मॉडेलचं पुढचं दार उलटं उघडे. बिजागऱ्या मागे, हँडल पुढे मडगार्डाकडे. मी अर्थातच भलतीकडे चाचपडले, दार एकदम उघडलं आणि हातातला करा व्याह्यांच्या धोतरावर पालथा! ते हँडल मी जन्मात विसरणार नव्हते.

फोटोत ते दाराच्या मागच्या कडेला होतं. म्हणजे सुलट्या दाराची, नंतरची मोटार. गॅरेजवाल्याकडून खात्री केली. असं दार बाईंच्या लग्नानंतर काही वर्षांनी आलेलं. जुनी मोटार नव्या फोटोत येऊ शकते, पण पुढे निघालेली मोटार आधीच्या फोटोत कशी येणार?

पतिराजांना बाहेर बसवलं. (बायकोचा फोटो कधीचा हे नवऱ्याला माहीत नसणं, एवढंच या प्रकरणात मला संशयास्पद वाटलं नाही.)

"फोटो लग्नानंतरचा आहे," मी बाईंना म्हटलं. "हार कोणाचा?"

त्यांना रडू फुटलं. "आपांचा. तेव्हा आम्ही कसब्यात शेजारी. चुलतबहिणीच्या लग्नासाठी मागून नेला होता. फोटो बघून सासूबाईंनी विचारलं, माहेरचा का? मी हो म्हटलं, फोटोही लग्नाआधीचा म्हणून सांगितला. आता हे लेकीसाठी काढ म्हणाले, तेव्हा चोरीला गेला म्हटलं. हे पोलिसांत जातील असं वाटलं नव्हतं हो! आणि आपांचं नाव निघाल्यावर तोंडच उघडेना."

"तुम्ही का नाही सांगितलंत?" मी आपांना विचारलं.

"वापरायला दिलेल्या दागिन्याचा बोभाटा करतात का? सासरी तिची काय पत राहिली असती?"

रीतसर हार परत देताना बाईही आल्या होत्या. आपा त्यांना एवढंच म्हणाल्या, "मागायचा होतास. कधी नाही म्हटलं होतं?"

संशय घेणं सोपं असतं. तो कोणावर घ्यायचा, हे मी त्या फोटोमुळे शिकले. आणि गप्प बसणारा कधीकधी दुसऱ्याची अब्रू सांभाळत असतो, हे आपांमुळे.

लग्नाचं आमंत्रण मलाही आलं. मुलीच्या गळ्यात तुटक्या पाकळीचा तो हार होता, आणि पहिल्या रांगेत आपा. मी जेवून निघायला हवं होतं. निघाले नाही. हार पुन्हा आपांच्या पिशवीत गेलेला पाहिला, तेव्हाच विडा तोंडात टाकला.