बोटीवरची खिचडी

मामा झांबियातल्या एका कॅम्पवर स्वयंपाकी आहे. कॅम्प नदीकाठच्या जंगलात आहे. परदेशी पाहुणे तिथे गळ टाकून टायगर फिश धरतात, मोजतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. मामीला हे कधीच पटलं नाही. "सोडूनच द्याचे तं धरतेत काऊन?"

पाहुणे दोन-तीन दिवसांसाठी नदीच्या वरच्या अंगाला जातात तेव्हा मामाही बोटीत असतो. तिथे त्याचा फोन लागत नाही, बोटीवरचा वायरलेस तेवढा ऑफिसला लागतो. संध्याकाळी कॅम्पच्या ऑफिसमधून एक ओळ माझ्या फोनवर येते, कारण घरात इंग्रजी मलाच येतं. मामी आणि आम्ही उंद्री गावात शेजारीच राहतो. मामी मेथीच्या जुड्या बांधत बसलेली असते. म्हणते, "वाच."

ओळ नेहमी तीच. सगळे सुखरूप. तेवढ्यानं मामीचं भागत नाही, म्हणून मी पदरचं घालू लागले. आज ढग होते. आज मामानं वरण-भात केला. चार माणसांत मला बोलायला सुचत नाही, पण वाचून दाखवायचं असलं की सुचतं.

एकदा बोट परत यायच्या दिवशी वेगळी ओळ आली. बोट आलेली नाही, संपर्क होत नाही, उजाडल्यावर शोधायला जाऊ. मी ती दोनदा वाचली. पाणघोडा बोट उलटवतो, हे मामानंच हसत हसत सांगितलं होतं.

"काय म्हणे?"

"एक दिवस वाढवलाय. सगळे बरे आहेत. मामानं खिचडी केली."

"इंग्रजीत खिचडी लिहेल हाय?"

"हो."

"पाह्य बरं! तिकडंही खिचडीच म्हणतेत."

मी फोन पालथा ठेवला आणि जुड्या बांधायला घेतल्या. तिनं त्या सोडून पुन्हा बांधल्या. "ढिल्ल्या झाल्या बाई. ध्यान कुठं हाय तुहं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसची ओळ आली. इंजिन बंद पडून बोट वाळूच्या बेटाला लागली होती, शिध्याची पेटी वाहून गेली, सगळ्यांनी बिस्किटांवर रात्र काढली. आता सगळे कॅम्पवर आहेत. हे मामीला कसं सांगावं ते मी जुळवत होते, तेवढ्यात तिच्याच फोनवर मामा आला. तिनं स्पीकर लावला.

"खिचडीत काय टाकलं होतं हो?"



"कांदा, बटाटा," मामा म्हणाला. "मस्त झाली होती."

मामी खूश झाली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो किती सहज बोलला. ताप उतरला, पायात घुसलेल्या गळाची जखम भरली, इथे भिण्यासारखं काही नाही, हे सगळं त्यानं याच आवाजात सांगितलं होतं.

"घ्या, तुमच्या भाचीशी बोला," मामीनं फोन माझ्याकडे दिला.

"मामा," मी म्हटलं, "पाय खरंच बरा आहे ना?"

"मस्त बरा झाला," मामा त्याच आवाजात म्हणाला.