सुईणमावशीचा हात

सुईणमावशी पोटुशी बाईच्या तोंडाकडे आधी बघतच नसे. तिची नजर थेट टाचांवर. पाय सुजलेले दिसले की म्हणायची, "हिला डॉक्टरकडं ने गो, ही माजी नाय." डोळखांबच्या वरच्या पाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, ती कुठली बाई आपली नाही हे तिला कळायचं म्हणून. मी आरोग्य केंद्राची नवी आशाताई होते. मला तो सगळा अडाणीपणा वाटे.

आठवा सरला की तिची शिस्त सुरू. खुर्चीत बसायचं नाही, उकिडवं बसून अंगण सारवायचं, सकाळ-संध्याकाळ ओढ्यापर्यंत चालून यायचं, डाव्या कुशीवर निजायचं. कंबरेला कोमट तेल ती स्वतः चोळायची. "खुर्ची बाळतपण करत नाय, मांड्या करतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. मग चुलीशी हात शेकून पोटावर ठेवायची आणि बाळाचं डोकं कुठे आहे ते सांगायची. मी बायकांना म्हणायचे, तिचं ऐकू नका. ती चिडायची नाही. "कागुद तुज्याकडं, पोट माज्याकडं," एवढंच.

तिची लेक सुमन दुसऱ्या खेपेला माहेरी आली. नवव्या महिन्यात मावशीने तिच्या पोटाला हात लावला आणि तशीच माझ्या दारात आली. "आडवं हाय गो. दुखायच्या आधी शहापूरला नेऊन ठेवूया."

मी फाइल उघडली. महिन्यापूर्वीच्या सोनोग्राफीत डोकं खाली होतं. "मशीन खोटं बोलेल का मावशी? पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच की," मी हसत म्हणाले. बाळ नंतरही फिरू शकतं हे मला शिकवलेलं होतं. तिला हरवायच्या नादात मी ते विसरले. ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली आणि घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने हातापेक्षा कागदाला मान दिला, आणि तेही माझ्या.

चौथ्या दिवशी कळा सुरू झाल्या. गाडी पाड्यापर्यंत येईना, म्हणून सुमनला झोळीत घालून रस्त्यावर आणलं. बाळाचा हात आधी बाहेर आला होता. सुमन वाचली, पण तिची पिशवी काढावी लागली. बाळ गेलं. मावशीने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर तिने कुणाच्याच पोटाला हात लावला नाही.

पुढे शहापूरला आमचं प्रशिक्षण झालं. मुंबईहून आलेल्या बाईंनी पडद्यावर नैसर्गिक बाळंतपणाची पूर्वतयारी दाखवली. उकिडवं बसा, चाला, डाव्या कुशीवर झोपा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तेव्हा स्वतःची किळस आली.

यंदा माझ्या मुलीला नववा लागला. रिपोर्ट सगळे चांगले, तरी जिवाला चैन पडेना. तिला घेऊन मावशीकडे गेले. मावशी आता थकली आहे, पण नजर सवयीने टाचांवर गेलीच.

"एकदा हात ठेव ना गो मावशी," मी म्हटलं.

चूल पेटलेली होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि विचारलं, "तुजा कागुद काय बोलतो?"