सिग्नल असलेला रस्ता

एग्मोरच्या त्या हॉटेलात दुपारी टेबल वाटून घ्यावं लागतं. मला फोनवर मराठी बोलताना ऐकल्यापासून साठीचे एक तंजावरी मराठी गृहस्थ रोज माझ्यासमोर येऊन बसत. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ते कॉफी पेल्यातून खालच्या पसरट वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत राहायचे, पार गार होईपर्यंत. नजर मोबाइलवरच्या नकाशावर. कॅलिफोर्नियातली लेक त्यांना समुद्राकाठच्या रेडवुडच्या प्रचंड झाडांच्या जंगलातून गाडीनं हिंडवणार होती आणि रस्ता ठरवायचं काम तिनं हौसेनं बापावर सोपवलं होतं.

एक दिवस त्यांनी ठरवलेला रस्ता मला दाखवला. तो जंगलाला वळसा घालून जात होता.

"यात ती झाडंच नाहीत," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. आत सिग्नल नसतो म्हणे." त्यांचं ओतणं थांबलं. "अम्मा नव्वदीची. माझा भाऊ येऊन राहील तिच्याजवळ, पण तेवढ्यात काही झालं, तर मी झाडं बघत असेन."

मला उगाच त्यांचा राग आला. "अम्मांना तरी सांगितलंय का, कुठे चाललात ते?"

"अमेरिका म्हटलं तर घाबरेल. इथं गावातच, मैलापुरास जाऊन येतो म्हणणार आहे."

गार कॉफी त्यांनी एका घोटात संपवली. उठताना खिशातला मोबाइल चाचपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पण मग ती जेवायला थांबेल."